मेजर गिल आणि वाघूर नदीचा कडा

नांदेडकडील ज्या विद्यार्थ्यांनी सहस्रकुंडास जाऊन पैनगंगा काळ्या कातळावरून कशी कोसळते हे पाहिले असेल, अथवा लातूरकडील ज्यांनी औसे तालुक्यातील खरोशाची लेणी हिंडून पाहिली असतील, त्यांस खडक, पाणी आणि मनुष्याची छिन्नी यांचे नाते निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. ही तिन्ही आपल्या मराठवाड्यात जेथे अत्यंत भव्य रूपाने एकत्र आली आहेत, ते स्थळ म्हणजे अजिंठा. तेथील चित्रे ज्या अज्ञात हातांनी काढली त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. परंतु ती चित्रे व तो कडा जगास दाखविण्यासाठी ज्या एका परदेशी गृहस्थाने आपले जवळजवळ अर्धे आयुष्य त्या दरीच्या परिसरात काढले, त्याचे नाव आपणांस ठाऊक आहे. आज त्या मेजर रॉबर्ट गिल यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

गिल यांचा जन्म इ. स. १८०४ साली इंग्लंडात झाला. तरुणपणीच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करात दाखल झाले. त्यांच्या शिपाईगिरीच्या पूर्वार्धात विशेष सांगण्यासारखे काही नाही. त्यांचा हात चित्रकलेत चांगला बसला होता, आणि याच एका गुणामुळे त्यांचे पुढील आयुष्य अगदी निराळ्या वाटेने गेले.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास लष्करातील जॉन स्मिथ नावाचा एक अधिकारी वाघाच्या मागावर असता त्याच्या दृष्टीस पलीकडील कड्यातील एका लेण्याची कमान पडली, ही हकीकत बहुतेकांनी ऐकलेली असते. स्मिथने दहाव्या लेण्यातील एका स्तंभावर आपले नाव कोरून ठेविले. प्राचीन चित्रावर असे ओरखडे काढणे हे कोणास शोभले असेल असे आम्हांस वाटत नाही, आणि सहलीस जाणाऱ्या मुलांनी त्याचा कित्ता गिरवू नये! पुढे जेम्स फर्ग्युसन या वास्तुकलेच्या जाणकाराने लेण्यांसंबंधी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे निबंध वाचला. ही चित्रे दिवसेंदिवस नष्ट होत आहेत, त्यांच्या नकला तरी करून ठेवाव्यात, अशी विनंती कंपनीच्या चालकांस करण्यात आली. ती मान्य होऊन १८४४ साली या कामावर गिल यांची नेमणूक झाली. त्या वेळी त्यांचे वय चाळीस होते.

अजिंठा हे गाव त्या काळी निजामाच्या राज्यात होते. गाव वर पठारावर, आणि लेणी घाट उतरून फर्दापुराकडे गेल्यावर दरीत. गिल गावातच राहत. खाली दरीमध्ये वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे. त्या वळणावर सुमारे अडीचशे फूट उंचीचा कडा सरळ उभा आहे आणि त्याच्या पोटात तीस लेण्यांची रांग कोरलेली आहे. वळणाच्या शेवटी सात टप्प्यांनी उड्या घेत पाणी खाली येते. पावसाळ्यात ही दरी हिरवीगार असते. परंतु आम्ही एकदा वैशाखात तेथे गेलो होतो, तेव्हाचे रूप निराळेच होते. नदीचे पात्र म्हणजे केवळ गोट्यांची रास, झाडे निष्पर्ण, आणि काळा खडक असा तापलेला की हात लावता येऊ नये. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या शिलारसाचे थर एकावर एक थिजून हा दगड झाला, हे भूगोलाच्या पुस्तकात वाचलेले वाक्य त्या उन्हात उभे राहिले म्हणजे खरे वाटू लागते. त्या काळी या रानात वाघांची वस्ती होती, आणि आजूबाजूच्या डोंगरांतील स्वास्थ्यही बेताचेच होते.

अशा ठिकाणी गिल यांनी सुमारे दीड तप काम केले. लेण्यांच्या आतील अंधारात, वटवाघळांच्या उग्र दर्पात, मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांनी भिंतीवरील चित्रांच्या नकला करावयाच्या आणि त्या गुंडाळून लंडनास पाठवावयाच्या, हा त्यांचा क्रम होता. पाठविलेल्या चित्रांची संख्या तीसच्या आसपास भरली. मूळ चित्रांवर काळाची जी पुटे चढली होती त्यांतून एकेक रेषा शोधून काढावी लागे. येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रंग स्पष्ट दिसावेत म्हणून त्या शतकातील नकलाकारांनी मूळ भिंतींवर वार्निश फासले. ते पुढे पिवळे आणि काळपट होत गेले व ते काढण्यासाठी नंतरच्या लोकांस फार कष्ट पडले. चित्रे वाचविण्याच्या उत्कंठेतच चित्रांची हानी झाली, याची जाणीव त्यांपैकी कोणास होती असे दिसत नाही.

गिल यांच्या अजिंठ्यातील वास्तव्याशी पारो या स्थानिक स्त्रीचे नाव जोडलेले आहे. ती १८५६ साली वारली, आणि तिच्या स्मरणार्थ गिल यांनी अजिंठा गावी दगड बसविला. या दोघांची कथा लोकांच्या तोंडी पुष्कळ वाढत गेली आहे. कविवर्य ना. धों. महानोर यांनी १९८४ साली तिजवर दीर्घकाव्य लिहिले आणि २०१२ साली तिचा चित्रपटही निघाला. दगडापलीकडची कथा आम्ही कवींकडेच सोपवितो.

याच सुमारास गिल यांच्या हाती कॅमेरा आला. आजच्या मुलास छायाचित्र काढणे म्हणजे बोटाचे काम वाटते. गिल यांच्या काळची रीत कशी होती हे ऐकले म्हणजे त्यास आश्चर्य वाटेल. प्रथम स्वच्छ काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव सारखा पसरावयाचा. मग अंधाऱ्या तंबूत ती काच रौप्यक्षाराच्या पाण्यात बुडवावयाची. ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालून काही सेकंद उजेड दाखवावयाचा, आणि लगेच तंबूत धावत येऊन औषधाने चित्र उमटवून ते धुऊन काढावयाचे. काच सुकली की सर्व श्रम फुकट. हे सारे दहापंधरा मिनिटांच्या आत उरकावे लागे, आणि आमच्याकडील उन्हाळ्यात तेवढाही अवधी मिळणे कठीण. शिवाय काचांच्या पेट्या, औषधांच्या बाटल्या, तंबू आणि तिवई हे सर्व ओझे खडकाळ वाटेने वागविणे आलेच. धुण्यास पाणी हवे आणि तेही स्वच्छ हवे. वाघूर नदी जवळ होती, परंतु उन्हाळ्यात तिच्या डोहांत काय उरत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

या रीतीचा आणखी एक दोष असा की त्या काचेस निळा प्रकाश तेवढा चांगला कळे. तांबडा आणि पिवळा जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे निळे आकाश पांढरेफटक उमटे आणि गेरूचा रंग काळा पडे. अजिंठ्याच्या भिंतींवर तर गेरू व पिवळी माती यांचेच राज्य. त्यात लेण्यांतील अंधार. म्हणजे ज्या चित्रांसाठी गिल तेथे आले होते त्यांचा खरा डौल या नव्या यंत्राच्या आवाक्याबाहेर होता. त्यास साधत होते ते दगडाचे काम. ऊन तिरपे पडले की कड्याची प्रत्येक भेग, एकोणिसाव्या लेण्याच्या दर्शनी भागावरील प्रत्येक मूर्ती आणि खांबांवरील नक्षी काचेवर जशीच्या तशी उतरे. गिल यांनी दोन भिंगांचा कॅमेराही वापरला. त्याने डाव्या व उजव्या डोळ्यांस दिसणारी अशी दोन चित्रे शेजारी शेजारी निघतात आणि विशिष्ट चष्म्यातून पाहिली असता त्यांची एकच खोली असलेली आकृती दिसते. कडा, त्यातील पोकळी आणि खालची दरी यांसाठी याहून योग्य साधन त्या वेळी नव्हते. लंडनच्या एखाद्या दिवाणखान्यात बसलेल्या मनुष्यास आपण कड्याच्या टोकावर उभे आहोत असा भास व्हावा, हे काही लहान काम नव्हे.

१८६४ साली या छायाचित्रांची दोन पुस्तके लंडनास प्रसिद्ध झाली. एकात भारतातील कोरीव लेण्यांची ७४ छायाचित्रे होती. दुसऱ्यात अशी १०० जोडचित्रे होती, व त्यांत इमारतींबरोबर गिल यांच्या शिकारीतील प्राणीही होते. दोन्ही पुस्तकांचा मजकूर फर्ग्युसनने लिहिला. त्या काळी छायाचित्र शाईने छापण्याची सोय रूढ झाली नव्हती, म्हणून प्रत्येक प्रतीत खरी छायाचित्रे हाताने चिकटवीत असत.

आता दुःखाची हकीकत सांगणे प्राप्त आहे. गिल यांची तैलचित्रे लंडनजवळील सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लोकांस पाहण्यासाठी मांडलेली होती. डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीच्या एका भागास आग लागली आणि तीत बहुतेक चित्रे भस्म झाली. जी वाचली ती बोटांवर मोजण्याइतकी. ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. जळालेल्यांपैकी काहींचा अंदाज १८५६ सालच्या एका इंग्रजी पुस्तकातील लहान ठशांवरून येतो, इतकेच. बासष्ट वर्षांच्या मनुष्यास, हजारो कोस दूर अजिंठ्याकडे राहत असता, आपल्या हयातीच्या कामाची राख झाल्याचे कळावे, याचा विचार मनात आला म्हणजे आम्हांस त्यांच्या दोषांची झडती घेण्याचा उत्साह उरत नाही.

उरली ती छायाचित्रे. तैलचित्राची प्रत एकच. एका काचेवरून मात्र अनेक प्रती निघत, म्हणून ती निरनिराळ्या घरी व ग्रंथालयांत पसरली आणि वाचली. गिल यांनी मुख्य काम मानले ते गेले, आणि मागाहून हाती घेतले ते राहिले. ते त्यानंतरही स्वस्थ बसले नाहीत. लोणार व वऱ्हाडातील हेमाडपंती देवळांची छायाचित्रे त्यांनी काढली.

नकलांचे काम पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांकडून करविले. त्यांच्याही कित्येक नकला १८८५ साली लंडनातच आगीत गेल्या. असा योग क्वचितच येतो. विसाव्या शतकात निजाम सरकारच्या पुराणवस्तू खात्याने इटलीहून दोन तज्ज्ञ आणवून भिंतींची दुरुस्ती करविली, आणि त्याच खात्याचे गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावर चार भाग प्रसिद्ध केले. त्यांत छायाचित्रांवरून रंगीत चित्रे छापलेली आहेत. गिल यांच्या काचेस जो गेरू दिसत नव्हता तो अखेर कॅमेऱ्यास दिसू लागला होता.

गिल यांची प्रकृती उतारवयात ढासळली. १८७९ साली त्यांचा अंत झाला, आणि भुसावळ येथील जुन्या युरोपीय दफनभूमीत त्यांची कबर आहे. अजिंठा पाहण्यास जाणारे पुष्कळ लोक भुसावळच्या स्थानकावर उतरतात. लेण्यांपाशी पोचल्यावर नदीपलीकडील टेकडीवर चढून गेले की घोड्याच्या नालासारखा तो सबंध कडा एका दृष्टिक्षेपात येतो. सकाळी व संध्याकाळी, ऊन तिरपे असताना, तेथून लेण्यांची तोंडे फार स्पष्ट दिसतात.