संत एकनाथ आणि रीड-ओन्ली ज्ञानेश्वरी

कॉलेजच्या लॅबमधला किंवा सायबर कॅफेतला कॉम्प्युटर रीस्टार्ट केला आणि डेस्कटॉपवरच्या फाइल्स गायब, असं झालंय का कधी? हा बिघाड नसतो. ते बहुधा हार्ड डिस्कला मुद्दाम लावलेलं कुलूप असतं. ते का लावतात हे सांगताना मी संत एकनाथांचं उदाहरण देतो, कारण या गोष्टीची सुरुवात आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात होते.

नेवासे इथे शके 1212 म्हणजे 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. छापखाना नव्हता. सुमारे 9,000 ओव्या हातानेच उतरवायच्या. मग कुणाचा शब्द सुटला, कुणी अवघड शब्द बदलला, तर कुणी स्वतःचीच ओवी घुसवली. पुढचा माणूस तीच प्रत उतरवणार, म्हणजे चूकही कॉपी! सगळ्यांच्या वापरातल्या कॉम्प्युटरचं हेच होतं.

एकनाथांचा जन्म सुमारे 1533 चा, पैठणचा. संत भानुदास हे त्यांचे पणजोबा. आईवडील लवकर गेले, आजोबांनी वाढवलं. गुरू जनार्दनस्वामी देवगिरी किल्ल्यावर अधिकारी होते आणि किल्ला तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होता. तिथे नाथांकडे हिशेबाचं काम आलं. एका पैची चूक शोधण्यासाठी ते रात्रभर जागले, अशी आख्यायिका आहे. डेटा तपासायची सवय तिथलीच म्हणा ना!

पुढे पैठणला संसार, कीर्तन आणि लेखन. एकनाथी भागवत 1573 मध्ये काशीत पूर्ण झालं. मग 1584 मध्ये, म्हणजे शके 1506 मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. शेवटी ओव्या लिहून बजावलं की यात कुणीही आपली ओवी घालू नये. स्वतःचं जे सांगायचं ते त्यांनी भागवत, भारुडं यांत वेगळं लिहिलं. 1599 मध्ये पैठणलाच त्यांनी देह ठेवला.

आता कॉम्प्युटरकडे या. डीप फ्रीझसारखं सॉफ्टवेअर किंवा विंडोजच्या एंटरप्राइज, एज्युकेशन आवृत्त्यांतलं युनिफाइड राइट फिल्टर तुम्ही केलेले बदल मूळ जागी लिहूच देत नाही. ते तात्पुरते बाजूला ठेवतं आणि रीस्टार्टला टाकून देतं. नाथांच्या कामातून इथे तीन गोष्टी शिकता येतात.

पहिली, आधी शुद्ध करा, मग कुलूप लावा. व्हायरस असलेली डिस्क फ्रीझ केली तर दर रीस्टार्टला तोच व्हायरस परत येणार.

दुसरी, स्वतःच्या कामाला वेगळी जागा ठेवा: पेन ड्राइव्ह, क्लाउड किंवा फ्रीझ न केलेला ड्राइव्ह.

तिसरी, कुलूप कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा. नाथांचं कुलूप ही विनंती होती, ती पाळणं वाचणाऱ्याच्या हाती. एसडी कार्डच्या कडेची छोटी लॉकची पट्टीही तशीच. कार्ड स्वतः काही अडवत नाही, रीडरने ती पट्टी मानावी लागते. तरीही नाथांची प्रत टिकली, कारण लोकांनी तिच्यावर विश्वास ठेवला. ज्ञानेश्वरीचा आज रूढ असलेला पाठ मुख्यतः तिच्याच परंपरेतला आहे.

तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही सिस्टीमचा भाग रीड-ओन्लीच असतो. म्हणून फॅक्टरी रीसेट केल्यावर तुमचे फोटो जातात, पण फोन पुन्हा सुरू होतो.

एक सवय मात्र आजच लावून घ्या. कॅफेत फॉर्म भरायला बसलात की पहिल्यांदा मशीन रीस्टार्ट करायला सांगा. ते फ्रीझ केलेलं असेल तर आधीच्या माणसाने टाकलेला पासवर्डचोर प्रोग्राम त्यातच पुसला जाईल. काम झालं की लॉगआउट करा, पुन्हा रीस्टार्ट करा आणि आपली फाइल सोबत घेऊनच उठा.