बुद्धिबळपटू मीर सुलतान खान

पावसाळ्यात पागोळ्या गळू लागल्या म्हणजे मालवण-वेंगुर्ल्याकडील ओट्यांवर बुद्धिबळाचा पट मांडून बसणारी मुले आमच्या ज्ञातीत आहेत. त्यांच्यासाठी व त्यांच्या पालकांसाठी एका परप्रांतीय पुरुषाचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहो.

मीर सुलतान खान यांचा जन्म विसाव्या शतकाच्या आरंभी पंजाबातील मिठा तिवाना या गावी झाला. खेळाचे धडे त्यांस वडिलांपासून मिळाले. पण ते देशी पद्धतीचे. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर सरके, त्यामुळे डाव संथपणे उभा राही. विलायती नियम त्यांनी सर उमर हयात खान यांच्या आश्रयास आल्यावर आत्मसात केले. १९२८ साली ते अखिल भारतीय विजेते ठरले व १९२९ साली आश्रयदात्यासमवेत लंडनला गेले. डावाच्या प्रारंभाचे ग्रंथगत शास्त्र त्यांस अल्पच अवगत होते. तरीही त्याच वर्षी आणि पुन्हा १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनी संपादन केले.

हेस्टिंग्ज येथील १९३०-३१ च्या स्पर्धेत त्यांची गाठ क्यूबाचे माजी जगज्जेते कापाब्लांका यांच्याशी पडली. डावाचा प्रारंभ ‘क्वीन्स इंडियन’ नावाच्या बचावाने झाला. पाचव्या खेळीस सुलतान खान यांनी वजिराच्या बाजूचे कडेचे प्यादे अवघे एक घर सारले. देशी पटावर शोभावी अशी ही मंद चाल. पण तीच पद्धत पुढे जगज्जेते पेट्रोस्यान यांच्या नावाने प्रसिद्धीस आली. नंतर वजीर देऊन त्यांनी दोन हत्ती घेतले, आणि ६५ खेळ्यांत डाव जिंकला.

१९३३ च्या अखेरीस आश्रयदाते स्वदेशी परतले. त्यांच्याबरोबर सुलतान खानही परतले. १९३५ साली आपल्याकडील नामांकित खेळाडू व्ही. के. खाडिलकर यांच्याशी झालेल्या दहा डावांपैकी नऊ त्यांनी जिंकले, एक बरोबरीत सुटला. परंतु युरोपच्या स्पर्धांत ते पुन्हा दिसले नाहीत. १९६६ साली त्यांचे निधन झाले. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांस सन्माननीय ग्रँडमास्टर हा किताब दिला, तो २०२४ साली!

एका व्यक्तीचा आश्रय त्या व्यक्तीबरोबर संपतो; समाजाने उभारलेला निधी मात्र पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. शिक्षण असो वा खेळ, आमच्या गुणी मुलांस कोणा धनिकाच्या मर्जीची वाट पाहावी लागू नये, एवढेच या चरित्रावरून ज्ञातिबांधवांस आमचे नम्र निवेदन आहे.