नाना शंकरशेट व मराठी शाळा

नाना शंकरशेट यांचे नाव निघाले की लोकांस प्रथम आगगाडी आठवते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत जी पहिली गाडी धावली, ती काढणाऱ्या कंपनीच्या चालकांत नाना होते, हे खरे. परंतु आगगाडी नानांवाचूनही आली असती. विलायतेतील गिरण्यांस इकडचा कापूस बंदरावर लवकर यावयास हवा होता, आणि ज्या कामात विलायतेचा फायदा त्यास विलंब लागत नसे. नानांवाचून जे झाले नसते ते निराळे होते. व त्याचाच आज लोकांस विसर पडला आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १८०३ साली झाला. घराणे मूळचे मुरबाडचे, जातीने दैवज्ञ, धंदा सराफीचा. १८२२ साली वडील वारले तेव्हा नाना अवघे एकोणीस वर्षांचे होते, आणि लाखांचा व्यवहार त्यांच्या हाती आला. पुढे त्यांची पत इतकी वाढली की अरब व अफगाण व्यापारीसुद्धा आपला पैसा पेढ्यांवर न ठेवता नानांच्या हवाली करीत. अशा वयात अशी दौलत हाती आलेल्या पुष्कळ पुत्रांचे पुढे काय होते, हे आमच्या बाजारपेठेतील वाचकांस सांगावयास नको. नानांनी मात्र दुसराच मार्ग धरला. एल्फिन्स्टनसाहेबांच्या कारकीर्दीत शाळा व शाळापुस्तके यांकरिता जी मंडळी निघाली होती, तीत ते शिरले व तिचे आधारस्तंभ बनले. १८२७ साली साहेब विलायतेस परत निघाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ लोकांनी दोन लाखांवर रुपये जमविले आणि तो पैसा शिक्षणास लावला. एल्फिन्स्टन विद्यालयाचा पाया तो हा.

१८४० साली सरकारने ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ नेमले. त्यावर नाना निवडून आले आणि पुढे बरीच वर्षे राहिले. याच बोर्डात १८४७ साली जो वाद झाला, तो नानांच्या चरित्रातील सर्वांत मोठा प्रसंग होय असे आम्ही समजतो.

बोर्डाचे अध्यक्ष सर एर्स्किन पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. विद्वान गृहस्थ, हेतूविषयीही शंका घेण्याचे कारण नाही. सरकारजवळ पैसा थोडा आहे, तेव्हा तो मूठभर लोकांस उत्तम इंग्रजी शिकविण्यात खर्चावा, म्हणजे त्यांच्याकडून ज्ञान आपोआप खालपर्यंत पोहोचेल, असे त्यांचे मत होते. नाना, फ्रामजी कावसजी व महंमद इब्राहिम मक्बा हे तिघेही एतद्देशीय सभासद याच्या उलट पक्षास होते. एक हिंदू, एक पारशी, एक मुसलमान. तिघांच्या घरच्या भाषा निरनिराळ्या, पण मत एक. त्यांस एकाच इंग्रज सभासदाची जोड मिळाली. ते म्हणजे गणिताचे ग्रंथ मराठीत उतरविण्याच्या कामी झटलेले जर्व्हिससाहेब.

नानांनी आपले मत लेखी मांडले. ज्ञान निवडक तरुणांस द्यावयाचे नसून सबंध लोकांस द्यावयाचे असेल, तर ते लोकांच्याच भाषेत दिले पाहिजे. इंग्रजीचा अभ्यास खुंटावा अशी आपली मुळीच इच्छा नाही, परंतु ती बहुजनसमाजाच्या आवाक्याबाहेरची आहे. देशी भाषांत उपयुक्त ग्रंथ नाहीत याचे कारण ते तयार करण्याचे पुरेसे यत्न झाले नाहीत हे होय, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे होते. हे लिहिणारा मनुष्य इंग्रजीवाचून अडलेला नव्हता. गव्हर्नरापासून न्यायाधीशापर्यंत सर्वांशी त्याचा व्यवहार त्याच भाषेत चाले, व इंग्रजी राज्यात त्याची भरभराटही झालेली होती. स्वतःस जी शिडी मिळाली ती प्रत्येकाच्या दारापर्यंत नेता येत नाही, हे ओळखून त्याने दुसरी मागितली.

अखेर निकाल कोणत्याच पक्षाचा पुरता लागला नाही. प्राथमिक शाळा देशी भाषांत राहिल्या. वरचे शिक्षण इंग्रजीकडे गेले. १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले, पण त्याने काही वर्षांतच मराठीला उच्च परीक्षांतून बाहेर घातले, आणि ती परत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना मरेपर्यंत झगडावे लागले. आज मुंबई महानगरपालिकेच्या मराठी शाळांतील मुले वर्षानुवर्षे कमी होत आहेत. त्यांच्या शेजारी इंग्रजी शाळांच्या इमारती उठतात, त्यांच्या देणगीदारांच्या पाट्यांवर आमच्याच पेठांतील नावे असतात. देणगी देणे चांगलेच; पण मराठी शाळेचे गळके छप्पर दुरुस्त करावयास यांपैकी किती जण पुढे येतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

मुलींच्या शिक्षणात नानांनी शब्दांपेक्षा जागा दिली. १८४८ साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी शाळा घातली. पुढच्याच वर्षी मुंबईत एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांच्या सभेने मुलींच्या शाळा काढल्या. त्या काळी मुलगी शिकली की विधवा होते अशी समजूत, आणि भाड्याने जागा देईल कोण? नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात शाळेस जागा दिली. शहरातला पहिला शेट स्वतःच्या आवारात मुली शिकवितो म्हटल्यावर कुरकुर करणाऱ्यांची तोंडे बरीच बंद झाली.

राजकारणातही ते मागे नव्हते. २६ ऑगस्ट १८५२ रोजी स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते अध्यक्ष होते. या सभेने कंपनीच्या कारभाराविरुद्ध पार्लमेंटास अर्ज केला. १८६२ साली ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात बसले. ग्रँट रोडचे नाटकगृह, राणीची बाग व तेथील संग्रहालय यांच्या मागेही त्यांचा हात होता.

३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले. तो महिना मुंबईच्या व्यापाऱ्यांस मोठा वाईट गेला. अमेरिकेतील युद्ध संपून कापसाचे भाव कोसळले होते, आणि शेअरांच्या सट्ट्यात बुडालेली घरे रोज उघडी पडत होती. नानांच्या नावाने चिरंजीव विनायकराव यांनी विद्यापीठात मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांकरिता शिष्यवृत्ती ठेविली. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली. ती शिष्यवृत्ती संस्कृतची आहे. मराठीच्या नावाने अशी ठेव करण्याचे त्या वेळी कोणास सुचले नाही.