कॉपी समजून टांगलेला राफाएल

‘निंजा टर्टल्स’मधला लाल पट्टीवाला रॅफेल आठवतोय? त्याला ज्याचं नाव मिळालं तो इटालियन चित्रकार राफाएल जेमतेम ३७ वर्षं जगला. पण मॅडोना, म्हणजे बाळ येशूला घेतलेली मेरी, म्हटलं की आजही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर त्याचंच चित्र येतं.

जन्म १४८३चा, उर्बिनो गावातला. वडील जिओव्हानी सांती हेही चित्रकार. राफाएल आठ वर्षांचा असताना आई गेली, अकराव्या वर्षी वडीलही. पोरका मुलगा जन्मभर आई आणि बाळच रंगवत राहिला, असा फिल्मी निष्कर्ष काढायचा मोह होतो ना? जरा थांबा. त्या काळात फ्लॉरेन्समधल्या घरांत प्रार्थनेसाठी मॅडोनाचं चित्र हवंच असायचं. लोरेन्झो नासी या मित्राच्या लग्नासाठीही राफाएलने मॅडोनाच रंगवली होती. मागणी तुफान होती आणि या पोराला नाव कमवायचं होतं.

१५०४च्या सुमारास तो फ्लॉरेन्सला आला. तिथे लिओनार्दोचा दबदबा. मग राफाएलने काय केलं? चक्क त्याचं गिरवायला घेतलं! लिओनार्दोच्या एका चित्रात तरुण आई बाळाला फूल दाखवतेय. राफाएलने तीच मांडणी उचलली, पण हातात कार्नेशनची फुलं दिली, मागे खिडकी उघडून बाहेरचा निसर्ग दाखवला आणि अंधाऱ्या रंगांच्या जागी उजेड आणला. कॉपी करावी तर अशी. चित्र केवढं? वहीच्या पानाएवढं, साधारण २८ बाय २२ सेंटिमीटर. हातात धरून प्रार्थना करता येईल असं.

१५०८मध्ये तो रोमला गेला. पोपची कामं, मोठी कार्यशाळा, हाताखाली शिष्यांचा ताफा. त्याच्या रेखाटनांवरून मार्कांतोनियो राइमोंदी छापचित्रं काढायचा आणि ती दूरवर पोचायची. ६ एप्रिल १५२०ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, राफाएल गेला. रोमच्या पँथिऑनमध्ये त्याला पुरलं. त्याच्या मॅडोनांच्या नकला मात्र पुढची कित्येक शतकं निघतच राहिल्या.

कार्नेशनवाल्या मॅडोनाच्या तर इतक्या, की मूळ चित्र हरवलं असंच जाणकार धरून चालले. इंग्लंडमधल्या अ‍ॅनिक किल्ल्यात एक प्रत होती. तीही नक्कलच, असं ठरल्यावर तिच्याकडे कोण लक्ष देणार? १९९१मध्ये लंडनच्या नॅशनल गॅलरीतले निकोलस पेनी तिथे गेले आणि त्यांना शंका आली. चित्र तपासायला नेलं. इन्फ्रारेडमध्ये रंगाखालचं रेखाटन दिसलं: मोकळा हात, आधी एक काढून मग बदललेल्या रेषा. नक्कल करणारा कशाला चाचपडेल? त्याच्यासमोर तर तयार उत्तर असतं. हे चाचपडणं राफाएलचं होतं.

यावरही सगळे तज्ज्ञ एकमत झाले नाहीत बरं का, वाद रंगला. पण २००४मध्ये नॅशनल गॅलरीने २ कोटी २० लाख पौंड मोजून ते चित्र घेतलं. आता ते राफाएलच्या नावाने तिथे लागलंय.