इरावतीबाईंचं घर कोण सांभाळत होतं?

कर्तबगार बाईची ओळख करून देताना आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं. घर, मुलंबाळं सगळं सांभाळून तिनं हे यश मिळवलं. सत्कार समारंभ असो की हळदीकुंकवाचा कार्यक्रम, हे वाक्य आलंच. ऐकणाऱ्या बायका माना डोलावतात आणि मनातल्या मनात स्वतःला नापास करून घरी जातात. इरावती कर्वे यांच्याबद्दलही हेच बोललं जातं, पण त्यांची गोष्ट जरा वेगळी आहे.

इरावतीबाईंचा जन्म 1905 सालचा, ब्रह्मदेशातल्या मिंजानचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे इंजिनिअर होते. तिथल्या नदीचं नाव मुलीला दिलं. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला हुजूरपागेत पाठवलं. तिथे शकुंतला परांजपे तिची मैत्रीण झाली आणि तिच्या आईनं या मुलीला आपल्याच घरी ठेवून घेतलं. रँग्लर परांजप्यांचं ते घर. पुस्तकं, वादविवाद, इंग्रजी वाचन असं सगळं तिथे होतं. पुढे फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन 1926 मध्ये पदवी, आणि मुंबईला डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्रात 1928 मध्ये एम.ए.

दरम्यान लग्न झालं ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या मुलाशी, दिनकररावांशी. आता वाटेल, विधवांसाठी आश्रम काढणाऱ्या, 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू करणाऱ्या अण्णासाहेबांच्या घरात सुनेच्या शिक्षणाला कसली अडचण? पण इरावतीनं डॉक्टरेटसाठी जर्मनीला जावं हे अण्णासाहेबांना पसंत नव्हतं! दिनकरराव मात्र ठाम राहिले. ते स्वतः जर्मनीत शिकून आले होते. डॉ. जीवराज मेहतांनी कर्जाऊ पैसे दिले आणि 1928 च्या अखेरीस बायको बर्लिनला गेली, नवरा पुण्यात राहिला. नवरा विलायतेला आणि बायको माजघरात हा त्या काळचा रिवाज. इथे सगळं उलटं.

बर्लिनमध्ये तिचे मार्गदर्शक होते यूजेन फिशर. गोऱ्या माणसाची कवटी एका बाजूला जास्त वाढलेली असते आणि म्हणून त्याची बुद्धी श्रेष्ठ, असं काहीसं त्यांना सिद्ध करून हवं होतं. या मुलीनं 149 कवट्या मोजल्या आणि तसा काही संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. परक्या देशात, आपली पदवी ज्याच्या हातात त्याच प्राध्यापकाच्या विरोधात! बायकांची अक्कल चुलीपुरती असं म्हणणारेही अशीच डोकी मोजत आले आहेत, म्हणून मला हा प्रसंग फार आवडतो.

1930 मध्ये डॉक्टर होऊन त्या परत आल्या. 1931 ते 36 महिला विद्यापीठात रजिस्ट्रार, आणि 1939 पासून डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र आणि मानवशास्त्र. कचेरीतल्या कामात त्यांचा जीव रमला नाही. त्यांचं खरं काम होतं गावोगाव हिंडण्याचं. माणसांची मापं घ्यायची, कोण कुणाचा काय लागतो ते विचारायचं, कुठल्या जातीत मामाची मुलगी करतात आणि कुठे नाही ते टिपायचं. त्यातून 1953 मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ झाला. डॉ. सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजच्या उत्खननात सापडलेल्या प्राचीन सांगाड्यांवर काम केलं. पंढरीच्या वारीत पायी गेल्या आणि त्यावर लिहिलं.

आणि घरी तीन मुलं. जाई, आनंद आणि गौरी. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोघी पुढे लेखिका म्हणून आपल्या ओळखीच्या झाल्या.

मग घर कोण बघत होतं? तर बराचसा भार दिनकरराव. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य, म्हणजे काही रिकामे बसलेले गृहस्थ नव्हेत. पण घराचा व्यवहार त्यांच्याकडे. बायकोच्या पर्समध्ये पैसे आहेत ना, स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना, हे ते बघायचे असं सांगतात. हो, स्कूटर! पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांत इरावतीबाई होत्या. नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यायचं, त्या काळात त्या त्यांना दिनू म्हणायच्या. मुलंही आईला इरू म्हणायची.

याच कर्व्यांच्या घरात एक पिढी आधी काय होतं ते बघा. अण्णासाहेबांनी जवळचं होतं नव्हतं ते संस्थेला दिलं. त्या ओढाताणीत संसार चालवला तो त्यांच्या पत्नीनं, बाया कर्वे यांनी. त्यांचं ‘माझे पुराण’ मिळालं तर जरूर वाचा. घर आणि काम यांचा मेळ कसा घालता, असं अण्णासाहेबांना कुणी विचारल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. इरावतीबाईंनी मात्र हे नेमकं हेरलं होतं. या माणसाची आपण सून झालो हे भाग्य आणि बायको झालो नाही हे त्याहून मोठं भाग्य, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलंय. सासऱ्यांबद्दल आदर ठेवून इतकं स्पष्ट लिहायला धाडस लागतं.

आता ‘परिपूर्ती’. त्यांच्या 1949 च्या लेखसंग्रहातला याच नावाचा लेख. एका सभेत त्यांची ओळख करून दिली जाते, अमक्यांची कन्या, महर्षींची सून, प्राध्यापकांची पत्नी, स्वतः विदुषी. सगळं खरं, पण काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटत राहतं. घरी येताना रस्त्यावरची पोरं आपसात बोलतात, आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई चालली. तेव्हा कुठे त्यांना ओळख पुरी झाली असं वाटतं.

आमच्या महिला मंडळात हा लेख मोठ्यानं वाचला, तेव्हा चांगलीच जुंपली. निम्म्या बायका म्हणाल्या, बघा, एवढी शिकली तरी शेवटी आईपणच मोठं. एका शिक्षिकेला ते अजिबात पटलं नाही. तिचं म्हणणं, सगळ्या मोठ्या माणसांच्या नावांनी ओळख झाल्यावर एका शाळकरी पोराच्या नावानं ओळख, यात त्यांनी गंमत केलीय. मला दोन्ही खरं वाटतं. मुलाची आई असण्याचा आनंद त्यांना होताच, पण त्यासाठी कवट्या, सांगाडे आणि गावं सोडावी लागली नाहीत, म्हणून तो निखळ राहिला. रजा टाकून, प्रमोशन नाकारून, सासूची बोलणी खाऊन घेतलेल्या आईपणात तो तसाच राहतो का, हे त्या शिक्षिकेलाच विचारावं. कारण तिनं पुढे हेही विचारलं, की असा दिनू आणायचा कुठून? सगळ्या हसल्या. तिच्या हसण्यात मात्र मला थोडं पाणी दिसलं.

बाजारात काही तो मिळत नाही. पण आपल्या घरात वाढणारा मुलगा जेवल्यावर स्वतःचं ताट उचलतो का, एवढं तर आपल्या हातात आहे. इरावतीबाईंना सगळं अनुकूल मिळालं हे मान्यच करायला हवं. परांजप्यांचं घर, शिक्षण, शहर, समजूतदार नवरा. आपल्यातल्या फार थोड्या जणींना यातलं एखादं तरी मिळतं. म्हणून तर त्यांची गोष्ट सांगताना नवऱ्याचं काम गाळून चालणार नाही. ते गाळलं, की उरते ती दहा हातांची देवी, आणि तिच्यापुढे आपण उगाचच अपराधी!

1967 मध्ये ‘युगान्त’ आलं. गांधारी, कुंती, द्रौपदी या बायकांना त्यांनी देव्हाऱ्यातून उतरवून माणसांसारखं पाहिलं. 1969 मध्ये कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि त्या कामात त्यांच्याबरोबर होती थोरली लेक, जाई. पुढच्याच वर्षी, 11 ऑगस्ट 1970 रोजी, इरावतीबाई गेल्या. वय अवघं चौसष्ट. दिनकरराव त्यांच्यामागे दहा वर्षं होते. 2024 मध्ये नात ऊर्मिला देशपांडे यांनी एका सहलेखकाबरोबर आजीचं इंग्रजी चरित्र लिहिलं. त्याचं नाव घरातलंच आहे, ‘इरू’.