जिन्यात लपलेला संगीतकार

तुम्ही कधी मुशायऱ्याला गेला असाल. शायराने एखादा चांगला शेर म्हटला, की श्रोते लगेच दाद देतात. 'वाहवा' म्हणतात आणि तोच शेर पुन्हा म्हणायला लावतात. युरोपातील संगीताच्या मैफलीची रीत मात्र अगदी वेगळी आहे. तेथे वादन चालू असताना कोणी ब्र काढत नाही. हजार-दोन हजार माणसे गप्प बसून ऐकत असतात. खोकला आला तरी दाबून धरतात. सगळे वाजवून संपले, की मग टाळ्यांचा कडकडाट होतो. त्यामुळे आपले वादन लोकांना आवडत आहे की नाही, हे बिचाऱ्या वादकाला शेवटपर्यंत कळत नाही.

अशा मुक्या श्रोत्यांपुढे ज्यांनी आपले आयुष्य काढले, त्या सर्गेई रखमानिनॉव्ह यांची ही हकीकत आहे. जगातील थोर पियानोवादकांत त्यांची गणना होते. पण एकदा त्यांनी श्रोत्यांची अशी धास्ती घेतली होती, की जवळजवळ तीन वर्षे त्यांच्या हातून काही लिहून झाले नाही.

सर्गेईचा जन्म १ एप्रिल १८७३ रोजी रशियातील नोव्हगोरोड प्रांतात झाला. घराणे जमीनदारांचे होते. पण वडील उधळे निघाले. एकामागून एक सगळी गावे विकली गेली आणि कुटुंब सेंट पीटर्सबर्ग शहरात एका लहानशा घरात येऊन राहिले. तेथे घटसर्पाच्या साथीत एक बहीण गेली. पुढे आईवडीलही वेगळे झाले. या दिवसांत सर्गेईला खरी माया मिळाली ती आजीकडून. ती त्याला नोव्हगोरोडच्या जुन्या चर्चमध्ये घेऊन जाई. तेथील मोठमोठ्या घंटांचा नाद त्याच्या कानात जो बसला, तो कायमचा.

सर्गेई संगीत विद्यालयात जात होता खरा. पण अभ्यासात त्याचे मुळीच लक्ष नव्हते. वर्ग चुकवून तो बर्फावर घसरत खेळायला जाई. प्रगतिपुस्तकातील गुण आजीला दाखवण्यापूर्वी तो आकडे हळूच बदलून टाकी! १८८५ साली तो परीक्षेत नापास झाला, तेव्हा हे बिंग फुटले. आईने आपल्या नात्यातील अलेक्झांडर झिलोती या तरुण पियानोवादकाचा सल्ला घेतला. त्याने मुलाला मॉस्कोला, निकोलाय झ्वेरेव्ह या कडक शिक्षकांच्या घरी ठेवायला सांगितले. झ्वेरेव्ह निवडक मुलांना फी न घेता घरी ठेवत. पण शिस्त मोठी करडी असे. सकाळी सहाला पियानोपुढे बसावेच लागे. आदल्या रात्री नाटक पाहून उशिरा आलात, ही सबब चालत नसे. सर्गेईच्या बोटांना जी तयारी आली, ती या घरात.

१८९२ साली तो मॉस्कोच्या संगीत विद्यालयातून मोठे सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. एकोणीस वर्षांच्या या तरुणाचे महान संगीतकार चायकोव्हस्की यांनीही कौतुक केले. आता याची वाट मोकळी झाली, असे सर्वांना वाटत होते.

मार्च १८९७ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे रखमानिनॉव्ह यांची पहिली सिंफनी वाजवली जाणार होती. सिंफनी म्हणजे संपूर्ण वाद्यवृंदासाठी लिहिलेली मोठी रचना. तालीम पुरेशी झालेली नव्हती. वाद्यवृंद नीट वाजवीना, सूर एकमेकांत मिसळेनात. सभागृहात बसून आपलीच रचना ऐकणे रखमानिनॉव्ह यांना असह्य झाले. ते बाहेर जिन्यात जाऊन बसले. पण आवाज तेथेही येत होता. कार्यक्रमानंतर एका नावाजलेल्या टीकाकाराने त्या रचनेची वर्तमानपत्रात क्रूर थट्टा केली.

चूक कोणाची, यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. मला विचाराल तर त्या रात्री श्रोत्यांनी ती सिंफनी खऱ्या अर्थाने ऐकलीच नाही. त्यांनी ऐकली ती कच्ची तालीम. परंतु चोवीस वर्षांच्या रचनाकाराला हे कोण समजावणार? त्यांनी ती रचना कधीही पुन्हा वाजवू दिली नाही. नवे लिहायला बसले की हात चालेना. पोटासाठी त्यांनी एका ऑपेरा कंपनीत वाद्यवृंद चालवण्याचे काम धरले. थोर लेखक टॉलस्टॉय यांच्या भेटीने धीर येईल म्हणून स्नेह्यांनी त्यांना तेथे नेले. पण टॉलस्टॉय यांनी त्यांचे संगीत ऐकून नापसंती दाखवली आणि ते आणखीच खचले.

अखेर १९०० सालाच्या आरंभी नातलगांनी त्यांना डॉक्टर निकोलाय डाल यांच्याकडे पाठवले. डाल मनाच्या आजारांवर उपचार करीत आणि स्वतः हौसेने व्हायोला हे वाद्यही वाजवीत. रखमानिनॉव्ह रोज त्यांच्याकडे जात. आरामखुर्चीत अर्धवट झोपेत पडून असत. डॉक्टर त्यांना शांतपणे तेच तेच सांगत, की तुम्ही कॉन्चर्टो लिहू लागाल, काम सहज होईल आणि ते उत्तम होईल. सुमारे तीन महिने हे चालले. उन्हाळा आला आणि रखमानिनॉव्ह पुन्हा लिहू लागले.

कॉन्चर्टो म्हणजे काय, ते येथे सांगायला हवे. एका बाजूला एकच वादक आणि दुसऱ्या बाजूला साठ-सत्तर वादकांचा वाद्यवृंद. कधी दोघे एकमेकांना साथ देतात, कधी झुंजतात, तर कधी प्रश्नोत्तरे केल्यासारखे वाजवतात. कॉन्चर्टोचे बहुधा तीन भाग असतात. रखमानिनॉव्ह यांनी दुसरा आणि तिसरा भाग आधी लिहिला आणि डिसेंबर १९०० मध्ये मॉस्कोत तेवढेच दोन भाग स्वतः वाजवले. लोकांना ते फार आवडले. मग त्यांनी पहिला भाग पुरा केला. संपूर्ण कॉन्चर्टो वाजवण्याचा दिवस ठरला, नोव्हेंबर १९०१ मधला. आणि काय झाले पाहा! कार्यक्रम पाच-सहा दिवसांवर आला असताना एका मित्राने पहिल्या भागातील दोष दाखवणारे पत्र पाठवले. झाले! जुनी भीती पुन्हा उसळली. मित्राचे म्हणणेच खरे आहे, असे त्यांना वाटू लागले. पण आता माघार घेता येत नव्हती.

त्या दिवशी वाद्यवृंदापुढे उभे होते तेच झिलोती, ज्यांनी लहानपणी त्यांना मॉस्कोला आणवले होते. सुरुवात पियानोनेच होते. प्रथम अगदी हळू काही स्वर एकदम उमटतात, मग थोडे मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. लांबवर वाजणारी घंटा जवळ जवळ येत आहे, असा भास होतो. आणि एवढे झाल्यावर मुख्य धून पियानो वाजवतच नाही! ती वाद्यवृंद वाजवतो आणि पियानो खालून लाटांसारखी साथ करीत राहतो. वादकाची करामत पाहायला आलेल्या श्रोत्यांसमोर स्वतः मागे राहायचे, हे धाडसच होते. शेवटचा स्वर थांबला तेव्हा टाळ्यांनी सभागृह दणाणून गेले. रखमानिनॉव्ह यांनी ही रचना डॉक्टर डाल यांना अर्पण केली.

याची एक गोड आठवण सांगतात. पुढे डाल बैरूत शहरात राहायला गेले. १९२८ साली तेथे हाच कॉन्चर्टो वाजवला गेला, तेव्हा ते वाद्यवृंदात बसून व्हायोला वाजवीत होते. ही रचना ज्यांना अर्पण केली ते डॉक्टर येथेच बसले आहेत, हे श्रोत्यांना समजले. मग काय, डाल उठून उभे राहून नमस्कार करीपर्यंत लोकांनी टाळ्या थांबवल्या नाहीत.

१९०९ साली रखमानिनॉव्ह अमेरिकेला गेले. बरोबर नवा, तिसरा कॉन्चर्टो होता. तो इतका अवघड होता आणि सरावाला वेळ इतका थोडा, की जहाजावर त्यांनी आवाज न करणाऱ्या लाकडी पट्ट्यांवर बोटे चालवून सराव केला. जानेवारी १९१० मध्ये न्यूयॉर्क येथे गुस्ताव्ह माहलर यांच्या वाद्यवृंदाबरोबर त्यांनी तो वाजवला. श्रोते त्यांना पुन्हा पुन्हा रंगमंचावर बोलावू लागले. आणखी काही वाजवा, असा त्यांचा हट्ट होता. तेव्हा रखमानिनॉव्ह यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. मन तयार आहे, पण बोटे थकली आहेत, हे लोकांनी ओळखले.

१९१७ च्या क्रांतीनंतर त्यांनी पत्नी आणि दोन मुलींसह रशिया सोडला. जमीनजुमला मागेच राहिला. पंचेचाळिसाव्या वर्षी अमेरिकेत त्यांना नव्याने पोट भरायचे होते. म्हणून ते मुख्यतः वादक झाले. एकेका हंगामात साठ-सत्तर कार्यक्रम करू लागले. उंच शरीर, बारीक कापलेले केस, चेहऱ्यावर हसू नाही. असे ते संथ पावलांनी येत आणि पियानोपुढे बसत. त्यांचे पंजे विलक्षण मोठे होते. श्रोते मात्र शेवटी त्यांनी एकोणिसाव्या वर्षी लिहिलेली एक छोटी रचनाच मागत. ती वाजवून वाजवून ते अगदी कंटाळले होते.

श्रोते गप्प असले तरी खोकतात, हे त्यांनी बरोबर हेरले होते. १९३१ साली त्यांनी एका जुन्या धूनवर वीस छोटे तुकडे रचले. कार्यक्रमात खोकणे वाढले, की ते पुढचा तुकडा गाळून टाकत. खोकला थांबला, तर क्रमाने वाजवीत. एका लहान गावात तर खोकल्यांमुळे त्यांनी दहाच तुकडे वाजवले! हे त्यांनी स्वतः एका मित्राला पत्रातून कळवले होते.

कधी ते स्वतःही श्रोते होत. १९४२ साली व्लादिमीर होरोविट्झ या वादकाने हॉलिवूड येथील खुल्या रंगमंचावर त्यांचा तिसरा कॉन्चर्टो वाजवला. तो संपताच एरवी न हसणारे रखमानिनॉव्ह उठून रंगमंचावर गेले आणि आपली रचना अशीच वाजावी असे आपल्याला नेहमी वाटत होते, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले.

फेब्रुवारी १९४३ मध्ये आजारी असतानाच त्यांनी नॉक्सव्हिल या शहरात शेवटचा कार्यक्रम केला. २८ मार्च १९४३ रोजी, सत्तरी पूर्ण व्हायला थोडे दिवस उरले असताना, कर्करोगाने त्यांचे निधन झाले. मायदेश पुन्हा त्यांच्या दृष्टीस पडला नाही.

आणि ती पहिली सिंफनी? तिची मूळ प्रत हरवली होती. पण १८९७ च्या त्या रात्री वादकांनी पुढे ठेवलेले सुटे कागद लेनिनग्राडच्या ग्रंथालयात सापडले. ते जुळवून १७ ऑक्टोबर १९४५ रोजी मॉस्कोत ती सिंफनी दुसऱ्यांदा वाजवली गेली. या वेळी तालीम नीट झाली होती आणि श्रोत्यांनी भरभरून टाळ्या वाजवल्या.