लकवा, फालिज आणि इब्न सीना

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या पट्ट्यात कुणाचं तोंड एका बाजूला वाकडं झालं की हवा लागली असं घरातले म्हणतात आणि दम करायला धावतात. मराठीत कुठल्याही अर्धांगाला लकवा म्हणायची सवय आहे. अरबी हकीमांच्या भाषेत मात्र लकवा म्हणजे फक्त चेहऱ्याचा, आणि अर्धं अंग गेलं तर तो फालिज. इब्न सीना यांनी आपल्या 'अल-कानून' या ग्रंथात या दोन्हींवर वेगवेगळं लिहिलंय.

त्यांचा जन्म साधारण 980 चा, बुखाराजवळच्या अफशाना गावचा. अब्बा सरकारी अधिकारी. दहाव्या वर्षापर्यंत कुरआन पाठ, सोळाव्या वर्षापर्यंत वैद्यकाचा अभ्यास. सतराव्या-अठराव्या वर्षी आजारी अमीर नूह इब्न मन्सूर यांच्या इलाजासाठी त्यांना बोलावलं गेलं, आणि त्यातून शाही ग्रंथालयाचं दार उघडलं. पुढे अब्बा गेले, सामानी राज्यही बुडालं, आणि हा तरुण गावोगाव फिरू लागला.

'अल-कानून' लिहायला सुरुवात झाली गुरगानमध्ये. त्याच्या पहिल्या भागात शरीररचना आहे. बकरी ईदला आपली मुलं भेजा बघतात, पाठीच्या कण्यातली पांढरी दोरी बघतात. उर्दूत तिला हराम मग्ज म्हणतात, पाठ्यपुस्तकात मेरुरज्जू. इब्न सीना सांगतात की मेंदूतून चेता निघतात, त्यांच्यामुळे अंगाला संवेदना आणि हालचाल मिळते. दूरच्या अवयवांसाठी मेंदूने आपला जणू नायब म्हणून मेरुरज्जू खाली पाठवलाय. मेरुरज्जूच्या चेता त्यांनी 31 जोड्या आणि एक सुटी अशा मोजल्या. आज आपण 31 जोड्याच शिकवतो. मेंदूच्या चेता मात्र गॅलेनप्रमाणे 7 जोड्या धरल्या. आज त्या 12 आहेत. ही 12 ची मोजणी 1778 मध्ये जर्मन शरीररचनाकार सोमरिंग यांनी मांडली. म्हणजे सातवर जग बरीच शतकं अडकून राहिलं होतं, त्यात एकट्या इब्न सीनांना दोष देण्यात अर्थ नाही. मेंदूच्या पोकळ्यांत पुढे कल्पना, मध्ये विचार, मागे स्मरण असं त्यांनी मानलं, तेही आता टिकत नाही. आम्ही वर्गात हेही सांगतो. मोठ्या माणसाचं चुकलेलं लपवून ठेवलं तर मुलं विज्ञान कसं शिकणार?

हमदानमध्ये शम्सुद्दौला यांचा पोटशूळ बरा केला आणि वजिरी मिळाली. लष्कर मात्र चिडलं, घर लुटलं, चाळीस दिवस लपून राहावं लागलं. तोच आजार परत उलटल्यावर त्यांनाच शोधून आणलं आणि पुन्हा वजीर केलं! दिवसा दरबार, रात्री शागिर्दांसोबत 'अल-कानून' चं काम. शम्सुद्दौला वारल्यावर फरदजानच्या किल्ल्यात चार महिने कैद झाली, तिथेही लेखणी थांबली नाही. मग सूफीच्या वेशात इस्फहान गाठलं.

आता चेहऱ्याचं. चेहऱ्याकडे जाणारी चेता वाटेत सुजली, तर त्या बाजूचं कपाळही हलत नाही, डोळा नीट मिटत नाही. बिघाड मेंदूतच असेल, तर बहुतेकदा कपाळ हलतं, पण सोबत हात-पाय लुळा पडू शकतो, जीभ अडखळते. हा फरक घरी बसून ठरवू नका. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. तोंड वाकडं दिसलं की घड्याळ बघा, 108 ला फोन लावा, दम रस्त्यात करा.

इब्न सीनांना स्वतःला पोटशूळानेच गाठलं. मोहिमेत अलाउद्दौलांच्या सोबत राहायचं म्हणून त्यांनी स्वतःवर घाईघाईने कडक इलाज केले, आतड्यांना जखमा झाल्या. शेवटी औषध सोडलं, गुलाम आझाद केले, माल खैरात केला. 1037 मध्ये, हिजरी 428 ला, हमदानमध्ये त्यांचा इंतकाल झाला. कबर तिथेच आहे.